हमीदाबाई सही करत नाहीत

ईरा, मागच्या रविवारी तू फोनवर म्हणालीस की तुझ्या ऑफिसात सध्या 'युजर ॲक्सेप्टन्स टेस्टिंग' चालू आहे, आणि ते काय असतं हे आजीला समजावून सांगायला एक फोन पुरणार नाही. अर्णव तुझ्या शेजारी बसून हसला. माझं दूध गॅसवर होतं, म्हणून मी फोन ठेवला. आता तुम्हा दोघांनाही सवडीनं लिहिते.

मला ते माहीत आहे. नवं सॉफ्टवेअर आलं, की ज्याला रोज त्याच्यापुढे बसायचं आहे त्याच्याकडून ते आधी वापरून तपासून घ्यायचं. त्यानं 'चालेल' म्हणून सही दिली, की मगच जुनं बंद करायचं. आम्ही हे बारामतीत केलेलं आहे. आणि आमच्याकडे ज्या बाईनं ते केलं तिच्यासारखी एखादी तुझ्या ऑफिसात असेल, तर तुझे साहेब एव्हाना आजारपणाच्या रजेवर गेले असतील.

तिचं नाव हमीदा मुलाणी.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी आपल्या वाचनालयाची मानद कार्यवाह झाले. मानद म्हणजे काम पूर्ण वेळ आणि चहा घरून. देवघेवीच्या टेबलावर, म्हणजे पुस्तकं जिथे द्यायची-घ्यायची तिथे, हमीदाबाई माझ्या कितीतरी आधीपासून बसत होत्या. राहायला इंदापूरला, रोज एस.टी.नं ये-जा. अंगानं आडव्या, नाकात चमकी, आणि चष्मा बुटाच्या काळ्या नाडीनं गळ्यात अडकवलेला. मला पसारा सोसत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हटलं, "हमीदाबाई, टेबलावर एवढं सगळं नको. प्रत्येक वस्तूला आपली एक जागा असावी."

त्यांनी टेबलाकडे नीट बघून घेतलं. शिक्के, बडीशेपेची डबी, अर्धवट सोललेल्या भुईमुगाच्या शेंगा, कुणाची तरी राहिलेली छत्री.

"हाय की, मॅडम," त्या म्हणाल्या. "ही सगळ्यांची जागा हाय."

वाचायच्या त्या भरपूर, पण पुस्तक शेवटच्या पानाकडून उघडायच्या. "शेवट बरा असंल तरच आत शिरायचं," असं त्यांचं म्हणणं. "येवढी पानं तुडवत जायाचं आन् तितं गेल्यावर दाराला कुलूप, कुनी सांगितलंय?" त्यामुळे वाचनालयातल्या बहुतेक कादंबऱ्यांचे शेवट त्यांना पाठ होते, आणि या ज्ञानाचा उपयोग त्या शिस्तीसाठी करत. पुस्तक उशिरा आणणाऱ्याला त्या दंड विचारत नसत. तो पुढचं पुस्तक निवडून टेबलावर ठेवायचा, आणि त्या शिक्का मारता मारता शांतपणे त्याचा शेवट सांगून टाकायच्या.

गावातले एक दातांचे डॉक्टर रहस्यकथांचे वेडे होते. एकदा पुस्तक घरी ठेवून ते केरळला फिरायला गेले. परत आले ते टेबलापाशी येण्याआधीच हात जोडून उभे. "हमीदाबाई, दंड घ्या. दुप्पट घ्या. पण बोलू नका."

"मी कुटं बोलतेय, डॉक्टर? तुमी आपलं पुस्तक काढा." डॉक्टरांनी मोठ्या हौसेनं एक जाडजूड रहस्यकथा काढली. हमीदाबाईंनी शिक्का उचलला, शाई लावली, फुंकर मारली. "मेव्हन्यावर लक्ष ठेवा," त्या म्हणाल्या, आणि शिक्का मारला.

डॉक्टर त्यानंतर कायम वेळेआधी येत. मला हा प्रकार मंजूर नव्हता आणि मी तसं सांगितलंही. पण पुस्तकं वेळेवर येत होती हे मला नाकारता येईना.

दुपारी जेवण झालं की त्या तत्त्वज्ञानाच्या कपाटामागे खुर्ची नेऊन झोपत. ती जागा त्यांनी विचार करून निवडली होती. तिकडे कुणी फिरकत नसे. एकदा मात्र सुप्याकडचे एक निवृत्त तलाठी उपनिषदांवरचं काहीतरी शोधत थेट तिथे पोहोचले. मी पलीकडच्या कपाटाशी होते. हमीदाबाईंनी एक डोळा उघडला.

"काय पायजे?"

"आत्मा आणि ब्रह्म यांच्याविषयी काही..."

"बाहेर गेलंय," हमीदाबाई म्हणाल्या, आणि डोळा मिटला. तलाठी बिचारे मान डोलवत परत गेले. त्यांना त्या उत्तरात काहीतरी खोल वाटलं असावं.

हे सगळं मी चालवून घेत होते ते पेटीमुळे.

बारामतीहून इंदापूरला जाताना वाटेत भवानीनगर लागतं. साखर कारखान्याची वसाहत. तिथल्या बायकांना बारामतीत येऊन पुस्तक बदलणं जमण्यासारखं नव्हतं, तेव्हा हमीदाबाई आठवड्यातून एकदा दुपारीच निघून परतीच्या वाटेवर पत्र्याची एक पेटी बरोबर नेत. ही त्यांचीच कल्पना. कमिटीनं फक्त पेटी दिली होती, तीही गंजलेली. एस.टी.त दर वेळी कंडक्टरशी भांडण ठरलेलं.

"मावशी, हे लगेज हाय. तिकीट लागंल."

"लगेज न्हाय, माझी बहीन हाय. बसलीया गप, तुला काय त्रास देतीया का?"

"बहिनीचं बी तिकीट लागतं की."

"पाच वर्साच्या आतली हाय."

भवानीनगरला वसाहतीच्या पाण्याच्या टाकीजवळ कडुनिंबाखाली त्या पेटी उघडायच्या. दुपारची वेळ, पुरुषमाणसं कामावर. बायका घोळक्यानं यायच्या. पेटीतल्या प्रत्येक पुस्तकाला हमीदाबाई स्वतः वर्तमानपत्राचं कव्हर घालत. पाककृती असो, प्रेमाची कादंबरी असो की बाळंतपणाची माहिती, बाहेरून सगळी सारखी. घरी सासू-नवऱ्यानं लांबून बघितलं तर कागद दिसायचा, त्यावर टोमॅटोचे भाव. कोणतं पुस्तक कोणतं हे फक्त हमीदाबाईंना कळे, आणि नेणारीला. टेबलावर बसून साऱ्या बारामतीला खुनी कोण ते सांगणारी ही बाई, पण पेटीतून कुणी काय नेलं हे मी कार्यवाह असूनही मला कधी कळलं नाही.

तर आमचं जुनं सॉफ्टवेअर फार जुनं झालं होतं. कंपनीनं कळवलं की आता नवी आवृत्ती घ्या, जुनीची दुरुस्ती आम्ही करणार नाही. आमचे अध्यक्ष तात्या. ठिबक सिंचनाच्या पाइपांचं त्यांचं मोठं दुकान; कुठल्याही गोष्टीचं उद्घाटन केल्याशिवाय ती सुरू झाली असं त्यांना वाटत नसे. सॉफ्टवेअर येण्याआधीच त्यांनी पाहुणे ठरवले, मांडव सांगितला, शाली आणल्या. आणि चाचणीसाठी पुण्याहून अनिकेत नावाचा एक इंजिनियर आला. अगदी नीटनेटका मुलगा. मला आवडला. त्याच्याकडे छापील कागद होते: पायरी एक, सभासदाचं कार्ड स्कॅन करा, पायरी दोन, पुस्तक स्कॅन करा, अपेक्षित निकाल अमुक, शेरा. शेवटच्या पानावर सहीची जागा, आणि अट अशी की सही देवघेवीच्या टेबलावर रोज बसणाऱ्यानंच करायची. कार्यवाहाची नाही, अध्यक्षांची नाही.

अनिकेत पंख्याखाली बसला, बाटलीतलं पाणी आहे का म्हणाला. हमीदाबाईंनी त्या क्षणी त्याचं नाव 'जावईबापू' ठेवलं.

"मॅम, या कागदाप्रमाणे एकेक पायरी करत जाऊ."

हमीदाबाईंनी कागद उलटा-सुलटा करून बघितला. "ह्यात तर सगळी शानी मानसं दिसत्यात," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं आसली येत न्हाईत."

आणि त्यांनी कागद छत्रीखाली ठेवून दिला. त्यांची पद्धत वेगळी होती. त्या उठून दाराबाहेर जायच्या आणि कुणीतरी दुसरं होऊन आत यायच्या. कधी तोंडात पानाचा तोबरा असलेले, मानेनंच बोलणारे मुख्याध्यापक. कधी भाचीचं कार्ड घेऊन आलेली, भाचीचं आडनाव न आठवणारी मावशी. अनिकेतला त्यांनी खुर्चीवर बसवलं होतं आणि सांगितलं होतं, "आता तुमी हमीदा. मी पब्लिक. द्या मला पुस्तक."

मावशी होऊन आल्या तेव्हा त्यांनी कार्डाऐवजी बिस्किटाचा पुडा पुढे केला. अनिकेत हसला. "मॅम, हे नाही चालणार."

"रेघा हायत की याला. मारा तुमचा त्यो लाल दिवा."

त्यानं गंमत म्हणून स्कॅनर धरला. टुं झालं, आणि नवं सॉफ्टवेअर जागच्या जागी थिजलं. पडद्यावरचा बाण हलेना. तो कितीतरी वेळ कळा दाबत होता. हमीदाबाईंनी तोवर पुडा फोडून आम्हा दोघांना एकेक बिस्किट दिलं.

"पण असं कोणी करणार नाही, मॅम," तो कळवळून म्हणाला.

"जावईबापू, हितं एका मानसानं लाइटबिल दाखवून पुस्तक मागितलंय. वर म्हनला, बिल भरलेलं हाय."

त्यांच्या सगळ्याच तक्रारी खऱ्या होत्या असं मात्र समजू नका. निम्म्या निव्वळ खोडी होत्या. आधीचं बटण निळं होतं आणि आता हिरवं केलंय, हे त्यांनी दोष म्हणून लिहायला लावलं. शेऱ्याच्या रकान्यात 'पंखा हळू फिरतो' आणि 'टेबलाचा पाय हलतो' असं लिहिलं. हे सॉफ्टवेअरमध्ये येत नाही असं अनिकेतनं सांगितलं, तर म्हणाल्या, "वापरनार मी ना? मग मला हुनारा तरास त्यात आला." एक अख्खा दिवस त्या 'नवं लई संथ हाय, बैलगाडी बरी' म्हणून ओरडत होत्या. अनिकेतनं तीनदा वायरी तपासल्या, पुण्याला फोन केले. संध्याकाळी मी सहज त्यांच्या मागे जाऊन बघितलं, तर त्या दिवसभर जुन्याच सॉफ्टवेअरपुढे बसल्या होत्या.

मला वाटलं, आता तरी ओशाळतील.

"मग बरोबरच हाय की माझं," त्या म्हणाल्या. "आसलं संथ बंद करा म्हना लवकर."

तर अशा वातावरणात चाचणी चालली होती आणि मांडववाल्यानं बांबू आणून टाकले होते. सही तेवढी राहिली होती. एका दुपारी हमीदाबाईंनी स्वतःच्याच नावावर एक कादंबरी काढून बघितली. टुं झालं. लगेच त्यांच्या पिशवीत फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं: प्रिय सभासद, आपण अमुक नावाचं पुस्तक घेत आहात, हा कोड टेबलावर सांगा.

"अगं बया," त्या खूश होऊन म्हणाल्या. "माझ्याच कानात मलाच सांगतंय."

"सुरक्षिततेसाठी आहे, मॅम. कोड टाकल्याशिवाय पुस्तक निघत नाही. नवीन फीचर आहे."

"आन् हे कुनाला जातं?"

"सभासदाचा जो नंबर नोंदवलेला असेल त्याला."

"पुस्तकाच्या नावासकट?"

"हो, पूर्ण नाव. पुस्तक परत केलं की पुन्हा एक मेसेज जातो."

हमीदाबाईंनी शेंग सोलायला घेतली होती ती तशीच खाली ठेवली. पेटीची नोंद आजवर त्यांच्या वहीत असे, आता तीही याच सॉफ्टवेअरमध्ये जाणार होती. भवानीनगरच्या बायकांचे नंबर त्यांनीच लिहून घेतले होते. एखाद-दुसरीचा सोडला तर सगळे नवऱ्यांचे. घरात फोन एक, आणि तो नवऱ्याच्या खिशात.

"हे बंद करा," त्या म्हणाल्या.

"मॅम, ते मूळ रचनेतच आहे. आता बदल म्हणजे पुढच्या टप्प्यात."

त्यांनी चष्मा काढून नाडीवर सोडला, पेनाला टोपण लावलं आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, हमीदाबाई, कमिटीला सांगून नंतर बदल करून घेऊ, पाहुणे ठरलेत. त्या तत्त्वज्ञानाच्या कपाटाकडे गेल्या, म्हणून मीही मागोमाग गेले.

"मॅडम, पेटीतनं एक पुस्तक गेलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "कायद्याचं. कुनी नेलंय ते इचारू नगा. चूल आवरली की दोन-दोन पानं वाचती. ते परत करून ती त्याच्या फुडचं नेनार हाय. तवा नवऱ्याच्या खिशात हे वाजलं, की बायकू हे हे वाचतीया, तर रातच्याला त्या घरात काय हुईल सांगा मला."

मी कपाटाचं उघडं दार लावून घेतलं.

"मग? सही करू?"

दुसऱ्या दिवशी तात्या स्वतः आले. सोबत कमिटीतले दोघे, हातात पाहुण्यांच्या शालीचा नमुना.

"काय वो हमीदाबाई, काय अडलंय? एक सही करायची."

"करते की, तात्या. तेवढा त्यो मेसेज बंद करा."

"ते फुडच्या टप्प्यात हुनार हाय म्हनं."

"मग सही बी फुडच्या टप्प्यात."

तात्यांनी शालीची घडी नीट केली. "तुमची मुदत संपत आलीया. कमिटी तुमाला आनकी एक वर्स ठेवायचा इचार करनार हुती."

"करू द्या की," हमीदाबाई म्हणाल्या. "कमिटी इचार करतीया ते मला एकदा बगायचंच हाय."

कमिटीतल्या एकाला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यावर घालवलं. तात्या लाल झाले. हे प्रकरण आता हाताबाहेर जाणार असं वाटून मी मधे पडणार, तोच हमीदाबाई एकदम गोड झाल्या.

"बरं, तात्या, तुमचा मान. करते सही. पन पयलं पुस्तक तुमी न्यायचं. अध्यक्ष म्हंजी पयला वाचक. तुमच्या हातानं मुहूर्त हुंद्या, की लगी सही."

मुहूर्त म्हटल्यावर तात्या खुलले. टेबलासमोर उभे राहिले, कुणी फोटो काढतंय का ते बघितलं. हमीदाबाईंनी त्यांचं कार्ड स्कॅन केलं, मागे वळून एक पुस्तक आणलं, तेही स्कॅन केलं. टुं.

"कोड सांगा, तात्या."

तात्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. आमच्याकडे थोडं वजन असलेला माणूस स्वतःचा फोन स्वतः बाळगत नाही, हे तुम्हाला तिकडे विचित्र वाटेल. फोन ड्रायव्हरजवळ असतो. तोच उचलतो, तोच 'साहेब मीटिंगमंदी हायत' म्हणतो. तात्यांचा ड्रायव्हर पोपट. त्याचा जन्म जवळच्या कन्हेरी गावातला, आवाज शेतात मोटार चालू असताना पलीकडच्या बांधावर पोहोचवण्यासाठी घडलेला. तो त्या वेळी फाटकाबाहेर वड्याच्या गाड्यापाशी उभा होता. गाड्याभोवती नेहमीची गर्दी होती.

 पंखा हळू फिरत होता. आणि मग फाटकाकडून आवाज आला.

"तात्याऽऽ! मूळव्याधीचं पुस्तक तुमी घेतलंय व्हय?"

वाचनालयातल्या सगळ्या माना फाटकाकडे वळल्या.

"मेसेज आलाय!" पोपट तिथूनच वाचायला लागला, एकेक अक्षर लावत. "प्रिय सभासद... आपन... मूळव्याध... आहार आनि घरगुती उपचार... हे पुस्तक घेत आहात! कोड हाय, सांगू का मोठ्यानं?"

"गप की रं!" तात्या ओरडले.

"आं? ऐकाया येत न्हाय! मूळव्याधीचा कोड सांगतोय, ल्ह्या!" आणि त्यानं एकेक आकडा खणखणीत सांगितला. वडेवाल्याचा आवाज आला, "तात्यास्नी वडा देऊ नगा रं आजपास्नं, तिखट हाय." मग गाड्यापाशी जो हशा उठला तो बराच वेळ चालला.

हमीदाबाईंनी अगदी कामाच्या गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "कोड टाकू का, तात्या?"

"मला न्हाय मूळव्याध!" तात्या सगळ्यांकडे बघत म्हणाले. कुणी काही विचारलं नव्हतं.

"मी कुटं म्हनलं हाय म्हून? मसीन म्हनतंय."

तात्या अनिकेतकडे वळले. "हे बंद करा. आत्ता."

"सर, ते पुढच्या टप्प्यात, त्यासाठी चेंज रिक्वेस्ट..."

"काय ती रिक्वेस्ट आसंल ती मी तुला हात जोडून करतो. बंद कर."

अनिकेतनं पुण्याला फोन लावला. फोन चालू असतानाच त्यानं सेटिंगमध्ये जाऊन कुठलीतरी एक बरोबरची खूण काढून टाकली, आणि मेसेज बंद झाला. फोन नंबर नसला तरी पुस्तक निघायला लागलं. एवढंच काम होतं. आम्ही सगळ्यांनी ते बघितलं आणि त्यानंही आम्ही बघितल्याचं बघितलं. हमीदाबाईंनी त्याला बडीशेप दिली. मग खुर्ची ओढून, पदर सावरून, कागदाच्या शेवटच्या पानावर त्यांनी सही केली. आणि शेऱ्यात लिहिलं: पंखा तसाच.

संध्याकाळी मी त्यांना विचारलं, ते पुस्तक मुद्दाम काढलं होतं ना?

"हाताला लागलं ते दिलं, मॅडम."

आरोग्याचं कपाट त्या लांबलचक हॉलच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. 

उद्घाटन थाटात झालं. तात्यांनी रिबन कापली, पण पुढचे कितीतरी दिवस दुकानात येणारा प्रत्येक शेतकरी आधी उपाय सांगायचा आणि मग पाइप बघायचा. सुरण खा, तात्या. ताक घ्या. मऊ उशी ठेवा गल्ल्यापाशी. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा जाताना त्यांना बाजूला घेऊन एका वैद्याचा पत्ता दिला, अगदी प्रेमानं. तात्यांना काहीही झालेलं नव्हतं, पण ते सिद्ध करायचा सभ्य मार्ग कुणालाच सुचत नव्हता.

हमीदाबाईंना वाढीव वर्ष मिळालं नाही. कमिटीत तसा ठराव आला तेव्हा मी विरोध लिहून घ्या म्हणून सांगितलं. तो लिहिला गेला आणि ठराव झाला. मी त्यांना सांगायला गेले तेव्हा त्या टेबल आवरत होत्या. मला वाईट वाटतंय हे त्यांना दिसलं असावं.

"जाऊ द्या वो, मॅडम. तात्याचा राग मूळव्याधीचा न्हाय. लोकं हसली त्येचा हाय. त्यो बसू देत न्हाय मानसाला."

"पण पेटीचं काय?"

"पेटी जाऊ दे की ती नवी पोरगी घेऊन. शिकलेली हाय. कंडक्टरसंगं भांडाया तेवढं शिकवते तिला." मग बडीशेपेची डबी पिशवीत टाकत, मान खालीच ठेवून म्हणाल्या, "ते कायद्याचं आलं बरं का परत. फुडचं गेलं."

निरोपाचा कार्यक्रम त्यांनी करू दिला नाही. शाल नको म्हणाल्या. उद्घाटनातली उरलेली असणार हे त्यांना ठाऊक होतं. छत्री मात्र घेऊन गेल्या. ती कुणाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढे त्या सोलापूरला मुलाकडे राहायला गेल्या. त्याआधी, काम सुटल्यावर, मी त्यांना बघितलं ते एकदाच, भवानीनगरला. नव्या मुलीचं, स्नेहलचं, काम कसं चाललंय ते बघायला मी पेटीबरोबर गेले होते. कडुनिंबाखाली बायकांची रांग होती. स्नेहल मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली, ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली, सगळे रकाने पूर्ण भरायची सवय असलेली. थोडक्यात, माझ्यासारखी. मेसेज बंद होते, पण ती खूण पुन्हा कुणीही देऊ शकत होतं, आणि नंबर रकान्यात भरले जातच होते. रांगेच्या मध्यात एक ओळखीची आडवी आकृती घुसली. मागच्या बायकांनी कुरकुर केली, पण सरकून जागा दिली.

"नाव?" स्नेहलनं मान वर न करता विचारलं.

"हमीदा मुलाणी. नवी सभासद हाय."

स्नेहलनं वर बघितलं. मग माझ्याकडे. मी कडुनिंबाकडे बघितलं.

"मोबाईल नंबर सांगा, आजी."

"न्हाय."

"नंबर आठवत नाही का?"

"फोनच न्हाय माझ्याकडं."

आणि त्यांच्या काखेतल्या पिशवीत फोन वाजायला लागला. अगदी मोठ्यानं. हमीदाबाईंच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. त्यांनी मागे वळून रांगेकडे बघितलं.

"कुनाचा गं फोन वाजतोय?"

"माझा न्हाय बाई," मागची म्हणाली.

"माझा बी न्हाय."

"माझ्याकडं कुटला आलाय फोन?"

एकामागून एक, रांगेच्या शेवटापर्यंत सगळ्यांनी मान हलवली. शेवटी उभी असलेली एक तरुण बाई, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक छातीशी धरून, पदराआड हसली. 

स्नेहलची बोटं कळांवर थांबली होती. तिनं पिशवीकडे बघितलं, रांगेकडे बघितलं. मग तो रकाना तसाच रिकामा सोडून ती पुढच्या रकान्यावर गेली.

"घ्या, आजी," ती म्हणाली, आणि पुस्तक हातात दिलं.

हमीदाबाईंनी ते पिशवीत, वाजणाऱ्या फोनवर टाकलं. इंदापूरची गाडी लांब वळणावर दिसत होती. एक हात उंच करून गाडीला थांबायला लावत त्या रस्ता ओलांडून गेल्या. पिशवी अजून वाजतच होती.